डनव्हाराची उत्तरेकडची भिंत

इंचब्रे, ४ मे १९९७

चि. ट्रीना हिस इफीआत्याचे अ. उ. आ.,

तू फोन करतेस, पण मला त्यातलं 'हॅलो' तेवढं ऐकू येतं. पुढच्या सगळ्याला मी अंदाजाने हो म्हणते. मागच्या रविवारी कशाला हो म्हणाले देव जाणे. म्हणून हे पत्र.

विषय तुझ्या बाबांचा. तुझी आई गेल्यावर दादा माझ्याकडे आला, त्याला चार वर्षं झाली. इतके दिवस शहाण्यासारखा राहिला. बटाटे लावायचा, पेपर वाचायचा, माझ्या सुपाला नावं ठेवायचा. मार्चपासून मात्र त्याच्या पायाला भिंगरी लागली आहे. रोज पावणेआठच्या टपालगाडीत पोत्यांशेजारी जाऊन बसतो. एक दिवस आर्डकिलचा किल्ला, एक दिवस बेटावरचा इनिशग्लास, आणि आठवड्यातून तीनदा डनव्हारा. तळ्याकाठचे हे तीन किल्ले आपण जन्मापासून बघतोय, शिवाय गवंडी म्हणून त्याचं निम्मं आयुष्य तिथल्या परांचीवर गेलंय. आता तिथे बघायचं काय राहिलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, भिंती.

टपालगाडीवाला डूगल सांगत होता की दादा भिंतीवर बोटांची पेरं आपटतो, मग कान लावून उभा राहतो, मान हलवतो आणि चार पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच करतो. डूगल हसत होता, पण मला काही हसू आलं नाही. परवा हात सोलून घेऊन आला. पिशवीत काहीतरी खणखणतं. काय आहे विचारलं तर म्हणे चहाचा थर्मास. थर्मास खणखणत नाही, ट्रीना.

येऊन एकदा बघून जा. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
इफीआत्या

---

एडिंबरा, ९ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.,

तू हो म्हणालीस ते ओबानच्या वृद्धाश्रमाला. बाबांना तिथे ठेवूया का असं मी दोनदा विचारलं, आणि तू दोन्ही वेळा आनंदाने हो म्हणालीस. मी त्यांची जागा धरून ठेवली आहे. पंधरा जूनपर्यंत सही करून कागद पाठवायचा आहे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

रागावू नकोस. पेरं आपटणं आणि कान लावणं वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. काल दवाखान्यात एका माणसाला दाढ काढायच्या ऐवजी नुसती दात साफ करायची वेळ दिली. आईच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी उगाच फिरणं, मग एके दिवशी सपाता घालून हमरस्त्यावर. बाबांचं तसं झालं आणि मी शंभर मैलांवर लोकांना नंबर देत बसले असले, तर मी स्वतःला कुठल्या तोंडाने माफ करू? ओबानला निदान दाराशी कुणी असेल.

तुला पटत नसेल तर तसं लिही. मला रागावलेलं पत्र चालेल, पण पत्र पाठव.

तुझ्या मायेत अंतर नसावं ही विनंती.

तुझी,
ट्रीना

---

इंचब्रे, २० मे

चि. ट्रीना हिस अ. उ. आ.,

थर्मासचा उलगडा झाला. हातोडा आणि छिन्नी.

काल दुपारी डनव्हाराच्या तिकीटवाल्या बाईने त्याला उत्तरेकडच्या भिंतीशी पकडलं. हातभर लांबीची खाच पाडून झाली होती. एक जर्मन जोडपं फोटो काढत होतं, त्यांना वाटलं हा इथला कारागीर आहे. बाईने पोलीस बोलावला. आपला मरेंचा धाकटा आला, लहानपणी माझ्या कोंबड्यांच्या मागे धावायचा तो. बिचारा दादाला घरी घेऊन आला तो स्वतःच माफी मागत. पण म्हणाला की सरकारी वास्तू आहे, गुन्हा होऊ शकतो. घरच्यांनी ताब्यात ठेवतो असं लिहून दिलं तर किल्ल्यांचं खातं कदाचित सोडून देईल. दादाला त्याने तीनदा विचारलं, का केलंत. दादा गप्प. मी ओरडले, तरी गप्प. अपराधी दिसत होता म्हणावं, तर तेही नाही. काम अर्धं टाकून उठवल्यासारखा चिडलेला होता.

आज सकाळपासून बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसला आहे. उठतो, खिडकीतून तळ्यापलीकडे बघतो, बसतो, पुन्हा उठतो. त्याच्या त्या उठबशीने मलाही शिवण धरवत नाही. ओबानच्या कागदावर सही कर असं लिहायला माझा हात उचलत नाही, आणि करू नको असं लिहायलाही नाही. तूच त्याला लिहून विचार. मुलीला सांगेल कदाचित.

लोभ ठेव, आणि लवकर ठरव.

तुझी,
इफीआत्या

---

इंचब्रे, २४ मे

चि. ट्रीनास बाबांचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. डोकं ठिकाणावर आहे का असं विचारतेस. आहे. नसतं तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये पेपरात आलं की डनव्हाराची उत्तरेकडची भिंत फुगली आहे, दगडांचे पापुद्रे सुटताहेत, आणि हे साठ सालानंतर कुणीतरी सांध्यात सिमेंट भरल्यामुळे झालं. ते कुणीतरी म्हणजे मी. चुन्याच्या सांध्यातून भिंतीतलं पाणी बाहेर पडतं. सिमेंट ते आत कोंडतं. मग हिवाळ्यात आतल्या आत गोठून दगड फुटतो.

तुझे आजोबा नील यांनी तिन्ही किल्ल्यांवर चुन्यानेच काम केलं होतं. एकसष्ट साली मुकादम मी होतो आणि ते माझ्या हाताखाली. त्यांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं, लॅकलन, सिमेंट घालू नकोस, भिंत गुदमरेल. मी म्हणालो, भिंतीला डॉक्टर बोलवू का? बारा माणसं हसली. मीही हसलो. चुन्याला जिथे तीन आठवडे लागायचे तिथे मी चार दिवसांत मोकळा झालो आणि माझी वाहवा झाली. आजोबा त्या शनिवारी थापी घेऊन घरी गेले ते परत कामावर आलेच नाहीत. इफीला वाटलं गुडघे दुखतात.

पेरं आपटून पोकळ आवाज येतो तिथे दगड सुटलेला असतो. सगळीकडे येतो. मला वाटलं होतं निदान एक भिंत तरी मोकळी करून जाईन. आता डोळेही अधू झालेत, बारीक सांधा बोटाने चाचपतो.

पोलिसाला सांगितलं असतं, पण मग गावभर नील म्हातारा बरोबर होता असं झालं असतं, आणि तो ऐकायला नाही. ओबानला टाकायचं तर टाक. तिथेही बसवणार नाही मला.

तुझा,
बाबा

---

डनव्हाराचं अतिथिगृह, १२ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.,

बाबांना घेऊन निघाले तेव्हा तू बिस्किटांचा डबा हातात दिलास आणि काही विचारलं नाहीस. त्यांचं पत्र मी तुला वाचायला ठेवून आले होते, ते वाचलं असशील.

खात्याचा इथला मुख्य गवंडी माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, रॉरी नावाचा. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो वही घेऊन आला. म्हणाला की एकसष्टच्या कामाची नोंदच सापडत नाही, कुठल्या भिंतीत सिमेंट किती खोल आहे हे कळायला त्यांना वर्ष लागेल. छिन्नीला हात लावायचा नाही या अटीवर तक्रार मागे, पण तुमच्या वडिलांनी खडूने खुणा करून दिल्या तर फार बरं. बाबांना वाटलं आपली थट्टा चालली आहे.

सोमवारपासून आम्ही खुणा करतोय. बाबा बोटाने चाचपतात आणि मी खडूने फुली मारते. मागे रॉरीच्या हाताखाली काम शिकणारी आठ पोरंपोरी उभी. पहिल्या दिवशी बाबा नुसतं इथे, इथे, असं म्हणत होते. काल उत्तरेकडच्या भिंतीशी आलो. एका कोपऱ्यावर त्यांनी फुली मारू दिली नाही. एका मुलीने विचारलं की हा कोपरा इतका ठणठणीत कसा. बाबा तिच्याकडे वळून म्हणाले की हा चुना माझ्या वडिलांचा, इथवर सिमेंट पोचायच्या आत शनिवार आला, ते काम सोडून गेले आणि या कोपऱ्याला मी हात लावला नाही. बाकीचं सगळं माझं. त्यांनी मला असंच चारचौघांत सांगितलं होतं आणि मी चारचौघांत त्यांना हसलो. मग बाबा पुढच्या भिंतीकडे चालायला लागले, इतक्या भरभर की माझा खडू खाली पडला.

ओबानचा कागद मी सही न करता परत पाठवला आहे. तुझ्या सुपाला नावं ठेवणारं माणूस आणखी काही वर्षं सांभाळशील ना?

तुझी,
ट्रीना

---

इंचब्रे, १५ जून

चि. ट्रीना हिस अ. उ. आ.,

सांभाळीन. न सांभाळून करते काय.

हे पत्र दादाला वाचून दाखव. मला ऐकू येत नाही म्हणून आम्ही दोघं घरात ओरडूनच बोलतो, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

त्याच्या पत्रातला तो शनिवार मला आठवतो. मी तेव्हा माहेरी आले होते. आमचे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, दुपारीच घरी आले. थापी धुतली, पुसली, आणि आईने इतक्या लवकर कसे म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, लॅकलनचा हात माझ्याहून चांगला आहे. फक्त घाई फार. वयाबरोबर जाईल. मग गुडघे दुखतात म्हणून शेकोटीशी जाऊन बसले, आणि आम्ही ते खरं धरलं. कशाबद्दल बोलत होते ते मला त्या दिवशी कळलं नाही, परवा दादाचं पत्र वाचून कळलं.

त्याला सांग, हाताबद्दल बाबांचं बरोबर होतं. घाईबद्दल तेवढं चुकलं.

तुम्हा दोघांची वाट बघते.

तुझी,
इफीआत्या