एकेचाळिसावी ओळ

रविवार, १२ जानेवारी. संध्या. ७.४०

एकनाथ राऊत यांनी आज मला थोबाडीत मारली. पत्नी विनयाने या बातमीला दुजोरा दिला आहे. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. मला स्वतःला एक आवाज आणि त्यानंतर क्लब हाऊसचा पंखा, एवढेच आठवते. डावा गाल. चार बोटे स्पष्ट, अंगठा पुसट.

कारण साहित्यिक. आमच्या काव्य मंडळाचा नियम एकच: प्रत्येकी तीन मिनिटे, मग घंटा. घंटा आमच्या देवघरातली. वाजवणार अध्यक्ष, म्हणजे मी. मंडळ मीच स्थापन केले. सभासद सात, दर दुसऱ्या रविवारी पाच वाजता, एव्हरशाईन सिटीत आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये. एकनाथभाऊंची तीन मिनिटे संपली. मी वाजवली. बाकी माझी काही चूक नाही.

माझी कविता आजही राहिली.

सोमवार, १३ जानेवारी

ऑफिसात बाथरूममध्ये पडलो असे सांगितले. शिपायाने विचारले, बाथरूमला बोटे असतात का. दुर्लक्ष केले.

कवितेबद्दल लिहून ठेवतो. 'किल्ल्याचे स्वगत', दीर्घकविता, ओळी २१२. अध्यक्ष सर्वांत शेवटी वाचतो आणि अध्यक्षाला घंटा नसते. तरीही दर वेळी बरोबर चाळिसाव्या ओळीला लोक उठतात. कोणाला भाजी घ्यायची असते, कोणाच्या घरी पाहुणे. एका बैठकीत लोकांना एवढेच पेलते, असा माझा अंदाज. दुःख हे की खरी कविता एकेचाळिसाव्या ओळीपासून सुरू होते. तिथे किल्ला पहिल्यांदा तोंड उघडतो. ते अजून एकाही माणसाने ऐकलेले नाही. विनयानेही नाही.

विनया म्हणाली, मग एकेचाळिसाव्यापासूनच सुरू करा ना. तिला कविता कळत नाही. पहिल्या चाळीस ओळींत भरती-ओहोटी आहे. त्याशिवाय किल्ला बोलेल कसा?

संकल्प: मार्चच्या आत संपूर्ण कविता मंडळाला ऐकवायची. काहीही होवो.

रविवार, २६ जानेवारी. संध्या. ६.५०

बैठक जोरदार झाली. तीन खुर्च्या मोडल्या.

क्रम असा. मेघना नायगावच्या नव्या टॉवरमधून येते, वय अठ्ठावीस, कविता गद्यासारख्या. तिची वेळ संपली म्हणून घंटा वाजवली. ती म्हणाली की बायकांच्या वेळी माझे घड्याळ पुढे पळते. हे खोटे आहे. घड्याळ सर्वांच्याच वेळी थोडे पुढे असते, शिस्त म्हणून. तिने स्टीलची पाण्याची बाटली फेकली. नेम माझ्यावर होता. लागली क्लेमेंट सरांना.

क्लेमेंट सर निवृत्त शिक्षक, चर्चच्या कॉयरमध्ये गातात, आयुष्यात कोणाला अरे म्हटलेले नाही. त्यांनी कपाळ चोळले, चष्मा खिशात ठेवला आणि मिटलेली छत्री एकनाथभाऊंच्या पाठीत घातली. का, ते त्यांनाही सांगता आले नाही. एकनाथभाऊंनी खुर्ची उचलली. पुढचे मी टेबलाखालून पाहिले. खाली गेलो होतो ते पुढच्या क्रमाचा विचार करायला.

विनयाने टेबलाखाली वाकून विचारले, की आता निघायचे की कविता वाचायचीय. मी फाइल उघडलीही होती. पण श्रोते उरले नव्हते.

सोमवार, २७ जानेवारी

सोसायटीच्या सेक्रेटरीचे पत्र. ज्या कार्यक्रमात हाणामारी होते त्यासाठी क्लब हाऊस मिळणार नाही. कबड्डी शिबिराला मात्र चालते.

घाबरलो नाही. एकनाथभाऊंची होळी गावात वाडी आहे: केळी, नारळ, पानवेली, मोठे अंगण. मोठ्या मनाने स्वतः फोन केला. बैठक तुमच्याकडे घेऊ, म्हटले. ते लगेच हो म्हणाले. पश्चात्ताप झालेला दिसतो. म्हणाले, या, आईला तुम्हाला बघायचेच आहे.

विनया विचारते, देवघरातली घंटा परत कधी मिळणार. सध्या ती ताम्हनावर चमचा वाजवून आरती करते. कलेसाठी एवढा त्याग कोणीही करील.

रविवार, ९ फेब्रुवारी. संध्या. ८

पाठीला बर्फ लावून पालथे पडून लिहितोय.

एकनाथभाऊंच्या आई आनंदीबाई, वय चौऱ्याऐंशी, ओटीवर बसल्या होत्या. मला शेजारी बसवले. चहा दिला, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली. मग त्या सांगू लागल्या. वाडीत विहिरीवर पूर्वी रहाट होता. रहाटाच्या बैलाच्या गळ्यात घंटा. बायका चुलीपाशी आणि कान घंटेकडे. घंटा थांबली की बैल थांबला. मग घरातून कोणीतरी चाबूक घेऊन पळायचे. शेवटचा बैल म्हातारा होता. एका सकाळी घंटा थांबली, एकनाथ चाबूक घेऊन धावला, वय अकरा. बैल उभ्याउभ्याच गेला होता. मारल्यावर मग पोराला कळले.

म्हणजे थोबाडीच्या दिवशीची कविता ही होती. एकनाथभाऊ 'घंटा थांबली' म्हणून थांबले, आणि मी वाजवली. सगळे हसले होते, हे मला आता आठवते. मीही थोडा.

मी आनंदीबाईंना समजावले की भावना मला पोचली, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी शांतपणे चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला. मग झावळी घेतली.

म्हणाल्या, "माझ्या पोराला बैल समजलास काय रे?"

फटके मोजले: तीन पूर्ण, चौथा अर्धा, कारण दम लागला. साडेतीन. ओवीचे चरण तेवढेच असतात. अशा बाईने कधी लिहिले असते तर!

कविता राहिली. पालथे पडून वाचता येत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

संरक्षणाची तयारी. सिद्धेशने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला: चार हालचालींत हल्लेखोर जमिनीवर. पहिल्या तीन जमल्या. चौथ्या हालचालीत शोकेसची काच गेली आणि आत गणेशोत्सवातल्या काव्यवाचनाचे उत्तेजनार्थ चषक होते ते. सिद्धेश म्हणाला, बाबा, हल्लेखोर खूप घाबरला असेल.

पायाला सहा टाके. बसून वाचता येईल.

सोमवार, २४ फेब्रुवारी

उपाय सापडला. आश्चर्य वाटते, इतका सोपा.

गुरुवारी मराठी भाषा दिन. कालच्या बैठकीऐवजी विशेष बैठक, वाडीतच. त्या दिवशी मी सर्वांत आधी वाचणार. श्रोते ताजे, वाद अजून सुरू झालेला नाही, भाजीची घाई नाही. ग्रुपवर टाकले. क्लेमेंट सरांनी विचारले, मग घंटा कोण सांभाळणार. मेघनाला दिली. तरुण पिढीला जबाबदारी द्यावी. शिवाय अध्यक्षाला घंटा नसतेच.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. दु. ३

निघतोय. इस्त्रीचा झब्बा. फाइल. लिंबूपाणी. विनयाने घरातली औषधाची पिशवी बरोबर घेतली आहे. तिला माझ्यावर विश्वास नाही, पण येते.

आज एकेचाळिसावी ओळ ऐकली जाईल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. सकाळी १०, वॉर्ड

जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. डॉ. अँजेलिना यांनी एक्स-रे खिडकीपाशी धरून खात्री केली. वरचे दात आणि खालचे दात तारेने बांधले आहेत. सहा आठवडे तोंड उघडायचे नाही. पातळ खाणे, नळीने. बोलणे बंद.

घटनाक्रम. एक ते एकोणचाळीस ओळी उत्तम. पहिल्यांदाच लोक माझ्याकडे बघत होते. आनंदीबाईसुद्धा. चाळिसावी संपली. मेघनाने घंटा वाजवली.

मी सांगितले, अध्यक्षाला घंटा नाही. तिने पुन्हा वाजवली. म्हणाली, तीन मिनिटे म्हणजे तीन मिनिटे, तुम्हीच शिकवलेत. लोक हसू लागले. मी घंटा तिच्या हातातून हिसकावली आणि फेकली.

इथे खरे लिहितो. रागाने फेकली. कोणाला तरी लागावी म्हणूनच फेकली. एकनाथभाऊंच्या कपाळाला लागली. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त. त्यांनी कपाळाला हात लावून बघितला, मग माझ्याकडे आले. मी चार हालचालींपैकी दुसरी केली.

एकेचाळिसाव्या ओळीचा पहिला शब्द तोंडात होता. बाहेर दात आला.

मघाशी हवालदार आले. काय झाले ते थोडक्यात लिहून द्या, म्हणाले. भरती-ओहोटीपासून सुरुवात केली. चौथ्या पानावर त्यांनी विचारले की तक्रार आहे की नाही. बाहेर बाकड्यावर एकनाथभाऊ बसले होते, कपाळाला चार टाके. विनयाने माझ्याकडे बघितले. मी 'नाही' लिहिले. तेही 'नाही' म्हणाले. हवालदारांनी माझी चारही पाने परत दिली. वाचून नव्हे.

रविवार, २ मार्च

घरी. विनयाने घंटा उशाशी ठेवली आहे, पोचा आलेली. एकदा वाजवली तर पाणी, दोनदा वाजवली तर पेज. घंटा घरी आली म्हणून ती खूश. आरतीला घेऊन जाते, परत आणून ठेवते.

आत्मपरीक्षण: मेघनाला घंटा द्यायला नको होती. बाकी काही नाही.

रविवार, ९ मार्च. संध्या. ७

सगळे आले होते. सहाच्या सहा. आनंदीबाईंना रिक्षाने आणले. शहाळी आणली, आणि केळ्यांचा अख्खा घड, जो मी बघू शकतो.

एकनाथभाऊ पलंगाशी बसले. बराच वेळ टाक्यांवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, रमेशभाऊ, ती तुमची कविता द्या. मी वाचतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोणी उठणार नाही. क्लेमेंट सरांनी दार लावून घेतले.

मी उशाखालून फाइल काढून दिली.

त्यांनी वाचली. तो वाडीतला आवाज, पाण्याला हाक मारल्यासारखा. मी इतकी वर्षे चुकीच्या जागी श्वास घेत होतो, हे ऐकताना कळले. चाळीस ओळी गेल्या. कोणी हलले नाही. एकेचाळिसावी आली. किल्ल्याने तोंड उघडले. मेघनाने मोबाइल उलटा ठेवला. आनंदीबाईंनी डोळ्याला पदर लावला, हे मी स्वतः पाहिले. सत्तेचाळिसावी तर अशी वाचली की मला वाहवा म्हणायचे होते, माझ्याच ओळीला. तोंड बांधलेले. काहीतरी करायला हवे होते. उशाशी हात गेला.

मी घंटा वाजवली.

एकनाथभाऊ शब्दाच्या मधोमध थांबले. फाइल मिटली. सगळे ताठ बसले.

मी जोरात मान हलवली. पुन्हा वाजवली, पुन्हा, पुन्हा. मेघना म्हणाली, हो हो, ऐकली. एकनाथभाऊंनी फाइल माझ्या पोटावर ठेवली, हात जोडले.

"मानलं तुम्हाला. स्वतःच्या कवितेलाही सूट नाही. नियम म्हणजे नियम, रमेशभाऊ."

टाळ्या झाल्या. क्लेमेंट सरांनी रुमाल काढला. एवढी शिस्त त्यांनी फक्त चर्चमध्ये पाहिली आहे, म्हणाले. मी पेन शोधेपर्यंत सगळे बाहेर बटाटेवड्यांवर होते. विनया पाणी घेऊन आली. मग पेज. घंटा किती वेळा वाजली ते मोजून ती आणखी पेज आणत राहिली.

सोमवार, १० मार्च

ग्रुपवर क्लेमेंट सरांचा मेसेज, सर्वांची संमती आली आहे. मंडळाची पुढची बैठक तारा निघाल्यावर, १३ एप्रिल, रविवार, पाच वाजता, होळीच्या वाडीत. डॉ. अँजेलिना तारा अकरा तारखेला काढतील. माळ्यावरून एकनाथभाऊंच्या बैलाची घंटा उतरवली आहे. आता तीच वापरायची. वाजवणार आनंदीबाई. झावळी त्यांच्याजवळच असेल.

माझा क्रमांक सातवा. रविवारी मीच घालून दिलेल्या आदर्शाला धरून अध्यक्षालाही तीन मिनिटे.

मनातल्या मनात म्हणून घड्याळ लावून पाहिले. दोनदा. तीन मिनिटांत चाळीस ओळी होतात.