वाडीच्या सांडपाण्याचा चोर

३ नोव्हेंबर
शेजारच्या फेलिसिदादबायच्या विहिरीला वास येतोय. पाणंदीतून वाहणारं वाडीचं सांडपाणी तिथे झिरपतं, हे मी एका नजरेत ओळखलं. म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांनी लांबच्या विहिरीवरून पाणी आणते. फार वाईट वाटलं. स्वच्छता समितीचं अध्यक्षपद मागून घेतलं. दुसरं कोणी मागत नव्हतं.

५ नोव्हेंबर
प्लॅन रेडी! घरोघरचं पाणी पाइपने एका चेंबरमध्ये, तिथून खडी-वाळूच्या खड्ड्यात, वर कर्दळी. कर्दळीची मुळं घाण खातात. माझ्या होमस्टेच्या गेस्टना फोटो पॉइंटही होईल. झोप नाही.

९ नोव्हेंबर
खड्ड्याचा मुहूर्त. वाडीतल्या थोरल्या दाजींनी देवाला गाऱ्हाणं घातलं. माणसांना सांभाळ, गुरांना सांभाळ, शेवटी माझं नाव घेऊन, ‘आणि जितेंद्राक वायच अक्कल दी रे म्हाराजा.’ सगळे जोरात ‘होय म्हाराजा!’ माझ्यामागे वाडी एक आहे, हे बघून भरून आलं.

२४ नोव्हेंबर
पाइप टाकायला गेलो. धोंडूने दारातच अडवलं. म्हणे, ‘आमच्या न्हाणयेचा पाणी माडाक जाता. तुका दिलय तर माड काय पितलो?’ सर्वेशकडे माड नाही तर केळी. पुढच्या घरी अळू. माणसं आंघोळीचं पाणीसुद्धा सोडत नाहीत! इतका हावरेपणा कुठे पाहिला नाही.

१ डिसेंबर
चार दिवसांपूर्वी कोणाला न विचारता पाणंदीचं गटारच चेंबरकडे वळवलं. चेंबर तुडुंब! म्हणजे तोंडाने माडाचं नाव आणि पाणी चोरून पाणंदीत. खड्डा पुरत नाही, कर्दळी कुजल्या. विहिरीचा वास तसाच. संशय धोंडूवर.

८ डिसेंबर
पाळत ठेवली. शनिवार-रविवारी पाणी जास्त. म्हणजे चोर नोकरदार. धोंडू सुटला. सर्वेश बँकेत आहे. उद्यापासून त्याच्याशी बोलणार नाही.

१५ डिसेंबर, सकाळ
निकाल लावायचाच. घरोघरच्या सगळ्यांना चेंबरपाशी उभं केलं. मोरीवर कोणी नाही, आता बघू कोणाचं पाणी येतं ते.
आलं. धो धो, फेसासकट. शाम्पूचा वास ओळखीचा. वर आमच्या होमस्टेत पुण्याचे गेस्ट गाणी म्हणत आंघोळ करत होते.
कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. यशोदा, माझी धर्मपत्नी, चारचौघांत म्हणाली, ‘पार्किंगसाठी माड तोडून पेव्हर घातलात. मगे पाणी जातला खंय?’
घरी बोलली असती तर ऐकलं असतं.

१६ डिसेंबर
समितीचा ठराव : खड्डा वाढवेपर्यंत होमस्टे बंद, आमच्याकडे आंघोळ बंद. अध्यक्ष म्हणून सही माझीच.
धोंडूकडे आंघोळीला गेलो. त्याने पंच्यावर माडाच्या बुंध्याशी उभं केलं. ‘हयच रव. पाणी मुळात पडां दे.’ राहिलो.
मग लांबच्या विहिरीवरून फेलिसिदादबायसाठी घागर भरून आणली. खांदा मोडला. तिने ‘देव बरें करूं’ म्हणून घेतली, तोंडाशी नेऊन आधी वास घेतला आणि मगच आत नेली.