बोगुमिल वाहून गेला त्या सुट्टीत

रुमानियाच्या डोंगरातून
४ जुलै १९७८

प्रिय स्तेफाताई,

सा. न. वि. वि. तंबूत साष्टांग घालण्याइतकी जागा नाही, तेव्हा बसल्या बसल्या केलेला गोड मानून घे.

तारनूफ सोडून पाच दिवस झाले आणि आम्ही अजून समुद्राच्या अर्ध्या वाटेवर आहोत. काल घाटात गाडीच्या पंख्याचा पट्टा तुटला. बोगुमिल शाळेत सुतारकाम शिकवतो, पण गाडीचं झाकण उघडून तो असा उभा राहिला, जणू आत कुणी आजारी माणूस झोपलंय. शेवटी इर्मिनाने आपला नायलॉनचा लांब मोजा काढून दिला. तो पट्ट्याच्या जागी बांधून आम्ही कसेबसे खालच्या गावात पोचलो. इर्मिना म्हणते, लग्नाला अठरा वर्षं झाली, नवऱ्याने मोजा मागितला तो हा असा.

गावात एका बाईने आम्हाला मक्याच्या पिठाचा गरम गोळा आणि मेंढीचं चीज वाढलं. पट्टा मिळेपर्यंत दोन दिवस जातील म्हणून आज टेकडीवरचं किल्ल्यासारखं चर्च बघून आलो. बोगुमिल बुरुजावर चढला आणि उतरताना घाबरला. त्याला मागे तोंड करून, एकेक पायरी सांगत खाली आणला.

खरं सांगू, पट्टा तुटला तेव्हा वाटलं होतं, हा परत फिरण्याचा इशारा आहे. आई गेल्यापासून नऊ वर्षांत मी बाबांना सोडून कुठे राहिलेली नाही. दोन वर्षांची रजा साठवून निघाले, तरी त्यांनीच मला ढकलून या दोघा नवराबायकोच्या गाडीत बसवलं. त्यांची रक्तदाबाची गोळी सकाळीच द्यायची. औषध घेतलं असं ते सांगतात, पण विश्वास ठेवू नकोस. बल्गेरियात सोझोपोलला समुद्राकाठी तंबूंची छावणी आहे, तिचा पत्ता मागे लिहिलाय. लवकर लिही, आणि माझ्यावर रागावली असलीस तर तेही लिही.

तुझी,
फेला


तारनूफ, पोलंड
११ जुलै

प्रिय फेला,

अ. उ. आ. मोज्याची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. हसताना त्यांना धरावं लागलं.

इथलं सगळं ठीक आहे. मी सध्या बाबांकडेच मुक्काम हलवलाय. माझ्या नवऱ्याला आठवडाभर स्वतःची अंडी स्वतः उकडू देत, त्याने काही बिघडत नाही. बाबांची गोळी मी समोर उभी राहून देते. संध्याकाळी पाचच्या ठोक्याला जेवतात, दुपारी झोपतात, तक्रार अशी नाही. हात थोडा दुखतो म्हणून ते लिहीत नाहीत. समुद्र माझ्या वाटचाही बघून घे, असा त्यांचा निरोप आहे.

शाई संपलीय म्हणून पेन्सिलने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. तू मजा कर. बोगुमिलला पाण्यापासून लांब ठेव. बुरुजावर असा, तर पाण्यात कसा असेल कोण जाणे. घाईने परत यायचं काहीही कारण नाही.

तुझी ताई,
स्तेफानिया


सोझोपोल
२० जुलै

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. आधी हे वाच, की आम्ही तिघंही सुखरूप आहोत. आता पुढचं.

परवा सकाळी इर्मिना आणि बोगुमिल यांचं डब्यातल्या मांसावरून वाजलं. डबा उघडण्याची किल्ली तो घरी विसरला होता. तिने रागात सांगितलं की तुला कुठे जायचं तिकडे जा. मग आम्ही दोघी जुन्या गावात लाकडी घरं बघायला गेलो. प्रत्येक अंगणात अंजिराचं झाड, आणि खाली मासळीची जाळी दुरुस्त करत बसलेले म्हातारे. चारला परतलो तर वाळूत बोगुमिलच्या सपाता आणि चष्मा होता. तो नव्हता, आणि हवा भरायची गादीही नव्हती. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता.

ताई, इर्मिना त्या सपाता हातात घेऊन पाण्यात गुडघाभर उभी राहिली आणि मला विचारत राहिली, सकाळी मी त्याला काय म्हणाले गं, काय म्हणाले? बोगुमिलला पोहता येत नाही. मी इतकी वर्षं इस्पितळात माणसांना धीर दिलाय, पण तिथे मी फक्त तिचा दंड धरून ठेवला. किनाऱ्यावरच्या लोकांनी दोन होड्या काढल्या. दीड तास गेला.

मग एका कोळ्याने येऊन सांगितलं की सरहद्दीच्या गस्तीने एक लाल माणूस पकडलाय. तो गादीवर झोपून पार बाहेर गेला होता. तुर्कस्तान दक्षिणेला जवळच, तेव्हा हद्द ओलांडून तिकडे पळून चाललेला असणार असा त्यांना संशय. म्हणजे बुडाला नाही म्हणून आम्ही रडलो, आणि तुरुंगात जाणार म्हणून पुन्हा रडलो.

मी त्याचे कागद आणि चष्मा घेऊन चौकीवर गेले. अधिकारी तरुण होता, आवाज चढवत नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. शाळेतली मोडकीतोडकी रशियन वापरून मी म्हटलं की पळणारा माणूस चष्मा आणि बायको मागे ठेवून, शब्दकोड्यांचं मासिक घेऊन निघेल का. तो म्हणाला की बायको मागे ठेवणारे पुष्कळ बघितलेत. मग मी सांगितलं की त्याला पोहताच येत नाही. तो म्हणाला, सगळे तेच सांगतात. शेवटी त्यांनी बोगुमिलच्या कमरेला दोर बांधला आणि त्याला धक्क्यावरून पाण्यात उतरायला सांगितलं. तो नाक धरून उतरला आणि दगडासारखा तळाला गेला. वर ओढला तेव्हा तो अधिकारी स्वतः त्याची पाठ चोळत होता. माझ्यासमोर कागदावर सही झाली आणि आम्ही मोकळे.

बोगुमिलचं पोट, तोंड आणि पाय उन्हाने पार भाजलेत, फक्त छातीवर मासिकाएवढा पांढरा चौकोन आहे. रोज दोनदा इर्मिना त्याला दही फासते. डब्याच्या किल्लीचा विषय कुणी काढत नाही.

आता माझं. बाबा पाच वाजता जेवतात? माझ्या हाताखाली नऊ वर्षांत त्यांनी साडेसातच्या आत चमचा उचललेला नाही. पाचला जेवण कुठे देतात ते मला ठाऊक आहे, मी तिथेच नोकरी करते. ताई, मला खरं लिही.

फेला


तारनूफ
२९ जुलै

प्रिय फेला,

अ. उ. आ. बाबा घरी आहेत. खिडकीपाशी बसून कॉफी पितायत. हे आधी.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ते शिडी लावून चेरी काढायला चढले आणि पडले. कमरेचं हाड मोडलं. ज्या दिवशी तू ते मोज्याचं पत्र लिहीत होतीस त्याच दिवशी त्यांचं ऑपरेशन झालं. नंतर छातीत कफ भरला आणि चार दिवस डॉक्टर माझ्याशी नीट बोलत नव्हते. तुझ्या इस्पितळातल्या मुलींना मी हात जोडून सांगितलं की तुला कळवू नका. ते पेन्सिलीचं पत्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर लिहिलेलं. तारेचा फॉर्म दोनदा भरला आणि दोनदा फाडला. बाबांनी शपथ घातली होती. पण खरं सांगते, त्यांना काही झालं असतं तर तू मला कधी माफ केलं नसतंस, आणि मीही स्वतःला केलं नसतं. पंचवीस तारखेला घरी सोडलं. इस्पितळाने दिलेली चालायची चौकट धरून स्वयंपाकघरापर्यंत चालतात.

आणखी एक. मी रविवारी केक घेऊन यायचे, दोन सल्ले द्यायचे आणि सहाच्या बसने निघून जायचे. बाबांना एकदा उठवून बसवायला किती ताकद लागते ते मला आत्ता कळलं. तू आलीस की मंगळवार आणि गुरुवारही माझे.

बाबांना दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणतात. हात खरंच दुखतो, तेवढं खोटं नव्हतं.

फेलू, तू घरी असतीस तरी मी चढलो असतो. चेरी पिकल्या होत्या. फक्त तू जन्मभर स्वतःला दोष देत बसली असतीस, म्हणून कळवू दिलं नाही. रजा पुरी करून ये. आधी आलीस तर दार उघडणार नाही.  – बाबा

तुझी,
स्तेफाताई


सोझोपोल
६ ऑगस्ट

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि सामान बांधायला घेतलं. मग शेवटचा भाग वाचला आणि परत सोडलं. दिवसभर तुझ्यावर इतकी चिडले होते की इर्मिनाने मला समुद्रात पाठवलं. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून पोटभर रडले. बोगुमिल काठावरून माझं डोकं दिसतंय का बघत होता. त्याला आता पाण्याजवळ यायची मनाई आहे.

आज सकाळी नऊला जाग आली. कानोसा न घेता इतकी झोपले त्याला किती वर्षं झाली, ते आठवेना. बाबा पडले तेव्हा मी तिथे नव्हते आणि तू होतीस. चार दिवस एकटीने काढलेस. मग माफीची गोष्ट कसली काढतेस?

चौदाला पोचतो. बाबांना दारात उभं राहू देऊ नकोस. ऐकलं नाही तर खुर्ची दे. आणि मंगळवार-गुरुवारचं तू लेखी दिलं आहेस, पत्र मी जपून ठेवलंय. लोभ आहेच, तो आता आठवड्यातून तीनदा दिसावा.

तुझी,
फेला