भुरी गाईच्या तीन ऋतूंची वाटणी

मी मुखरू सोमाजी बोरकुटे, धंदा शेती, राहणार मौजा बोरगाव, गोंडपिपरीजवळ, जिल्हा चांदा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी शुद्ध गेली आहे असे माझ्या दोन्ही मुलांना वाटते, म्हणून हे मुद्दाम नमूद केले. घर, गुरांचा कोठा आणि गाय ही माझ्या कष्टाची कमाई आहे. वडिलांकडून मला फक्त दमा मिळाला, तो मी बरोबर नेतो.

भादव्यात मी तापाने पडलो होतो. माझे डोळे मिटलेले पाहून थोरला भैयाजी आणि धाकटा खुशाल खाटेपाशीच वाटणीला बसले. शेत मी पूर्वीच वाटून दिले असल्यामुळे उरली होती भुरी गाय. ती पौषात व्यायची आहे, म्हणून हिवाळ्यावरून दोघे हमरीतुमरीवर आले. उन्हाळा मात्र दोघेही एकमेकांना मोठ्या प्रेमाने देऊ लागले. पावसाळ्याचे काय, असे भैयाजीने विचारले. खुशाल म्हणाला, "पावसाळ्यात कमळा हाये नं. हिवाळा लागला का तिले मामाकडं धाडून देऊ."

कमळा माझी मुलगी. नवऱ्याने टाकल्यापासून ती माझ्याकडे राहते आणि भुरीचे सगळे तीच करते.

तर माझी वाटणी अशी. भैयाजीस हिवाळा देतो, त्यात दूध धरलेले नाही. कोठ्याला वाऱ्याच्या बाजूने पोत्यांचा आडोसा बांधावा, जवसाची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून द्यावी. भुरी व्याली की पहिला चीक वासराच्या पोटात जाऊ द्यावा. खरवसाच्या दिवशी भैयाजीला बोलवावे लागत नाही. या खेपेला तो गाईची पडलेली वार पुरायलाही आला, तर गावाला आश्चर्य वाटेल.

खुशालला उन्हाळा. तळे आटते, तेव्हा भुरीला ऊन चढायच्या आत चारून आणावे, सावलीत बांधावे, दोन्ही वेळा पाणी पाजावे, धानाच्या तणसावर मिठाचे पाणी शिंपडावे. ओंजळभर मोहफुलेही द्यावीत. गेल्या चैत्रात गाईसाठी म्हणून खुशालने पाटीभर मोहफुले नेली होती. संध्याकाळी गाय शुद्धीत होती, खुशाल नव्हता.

पावसाळा कोणी मागितला नाही. तो कमळाकडे आहेच. उपाशी गाय कोवळ्या ओल्या गवतावर सोडली तर पोट फुगते, म्हणून ती आधी सुके तणीस घालते. कोठ्यात राख पसरते, खूर पाहते, सांजेला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करते. ज्या साली गावच्या गुरांना खुरी झाली, त्या साली दोघे भाऊ सासुरवाडीला जाऊन राहिले. त्यांच्या पायांना काही झाले नाही, देवाची कृपा.

ताप उतरल्यावर मी कमळाला विचारले, मी गेल्यावर तुला काय पाहिजे. ती भुरीच्या अंगावरचे गोचीड काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मले घर नको बाबा, भाऊ भांडतीन. कोठ्यात एक कोपरा राहू द्या म्हना, भुरीपाशी."

मला राग आला आणि रडूही आले. म्हणून हे लिहिणे.

भुरी, तिची मागल्या वेताची कालवड आणि पुढची वासरे कमळाची. दूध कमळाचे. घरही कमळाचेच, पुढच्या दारापासून परसापर्यंत, आणि तिथून तिला कोणी उठवू नये. मुलांनी आपापला ऋतू पाळला तर ती देईल तेवढे ताक प्यावे आणि गोड मानावे.

राहिला कोठ्यातला कोपरा. तो भैयाजी आणि खुशाल यांना समाईक देतो. भुरीने जागा दिली तर बसावे.

हे कोणाच्या दाबाखाली लिहिलेले नाही. दाबायला घरात कोणी थांबतच नव्हते.

सही: मुखरू सोमाजी बोरकुटे

साक्षीदार:
१. चैतू, गावची गुरे चारणारा (अंगठा)
२. गुणवंतराव, शाळामास्तर (सही)

स्थळ: बोरगाव, कोठ्यासमोर
कार्तिक महिना, ४ नोव्हेंबर १९५७