आत्याला गाळून लिहिलेलं दृश्य

प्रिय भाऊ,

तुम्ही गेल्याला तीन वर्षं झाली. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की तुमच्या फोटोलाही हात जोडतो, पण बोलत काही नाही. आपल्या बापलेकांना तशी सवयच नव्हती. आज लिहितोय, कारण येत्या रविवारी अकोल्यात माझी पटकथा दुसऱ्यांदा वाचली जाणार आहे आणि तिच्यात तुम्ही आहात. न विचारता घातलं तुम्हाला. आता तरी विचारायला हवं ना?

हसू नका. एकोणपन्नासाव्या वर्षी सिनेमा लिहायला शिकतोय मी. दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरतो. अकोल्यात एका वाचनालयाच्या माडीवर वर्ग भरतो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या आहेत. त्या आधी दुसऱ्यांच्या पटकथा फोडायला लावतात. प्रत्येक दृश्यात कोण काय मिळवायला आला आणि काय घेऊन गेला, हे समासात पेन्सिलीनं लिहायचं. गावच्या शाळेत गुरुजी सांगतील तोच धड्याचा अर्थ आम्ही लिहायचो. इथे अर्थ कोणी सांगतच नाही! पहिले दोन महिने माझा समास कोराच राहिला.

मग स्वतःचं एक दृश्य लिहून आणायला सांगितलं. मी कोणतं लिहिलं असेल, ओळखा बरं.

तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. मारुतीच्या पारासमोर लाकडी बैल ओढत आलेली लहान मुलं, आणि त्यांच्या मागून मोठ्या पोरांची सोंगं. तेरा वर्षांचा मी आईचं लुगडं नेसून 'टाकलेली बाई' झालो होतो. डोक्यावर गाठोडं घेऊन एकेकाला विचारत होतो, "माहा नवरा पाह्यला का हो?" सगळं गाव हसत होतं. तेवढ्यात तुम्ही आलात, माझ्या डोक्यावरचा पदर ओढला आणि सगळ्यांदेखत कानाखाली मारली. एक शब्दही न बोलता.

त्यानंतर मी कधी सोंग घेतलं नाही. कॉलेजात नाटकाला नाव दिलं नाही. हौस मेली नाही, पण तुमच्याशी मोकळं बोलणं त्या दुपारीच संपलं. का मारलंत, हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि मी तरी कधी विचारलं?

वर्गात वाचन चालू असताना लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. तुमचं काम एका निवृत्त कंडक्टरांकडे आलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, "हा बाप येते, मारते अन् चालला जाते. पण कावून? बिनतिकिटाचा माणूसबी काहीतरी कारण सांगते."

सगळे हसले. मला राग आला. माझा बाप असाच होता, असं ओरडून सांगावंसं वाटलं, पण नियमानं गप्प बसलो. मग मॅडमांनी विचारलं, त्या सकाळी या माणसाच्या घरात कोण कोण होतं? याचं उत्तर द्यायची मुभा होती. मी बोटांवर मोजायला लागलो. तुम्ही, आई, मी. आणि चौथ्या बोटावर अडकलो.

शकुआत्या होती, भाऊ! मी तिला गाळली होती. पात्रं कमी ठेवा, असं मॅडमांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि आत्याला या दृश्यात काही कामच नाही असं मला वाटलं. तान्ह्या पोळ्याच्या चार दिवस आधी ती आली होती. कोणी घ्यायला गेलं नव्हतं, पत्र्याची पेटी घेऊन एकटीच एसटीतून उतरली. 'आत्या सणाला आली,' एवढंच मला सांगितलं गेलं. ती परत सासरी गेलीच नाही. त्या दुपारी ती पारासमोर बायकांमध्ये बसली होती, आणि तिचा भाचा टाकलेली बाई होऊन गावाला हसवत होता. छत्तीस वर्षांत या दोन गोष्टी मला जोडता आल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी भातकुलीला आत्याकडे गेलो. गुडघे गेलेत तिचे, जीभ मात्र शाबूत आहे. दृश्य वाचून दाखवलं आणि पाया पडून माफी मागितली.

"माफी कायची?" ती म्हणाली. "मी तं हसून राहिली होती रे. चार दिवसांत पयल्यांदा. तोंडात पदर कोंबून हसून राहिली होती, अन् दादाले लांबून वाटलं का मी रडून राहिली."

तू त्यांना सांगितलं नाहीस का, मी विचारलं.

"सांगितलं ना, घरी आल्यावर. मंग म्हणे, आता पोराले काय सांगू?"

मग तिनं कपाटावर बोट दाखवलं. त्याच्या पुढच्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला तुम्ही माझ्यासाठी केलेला सागाचा बैल तिनं जपून ठेवला होता, तो तिथे उभा होता. शिंगांना बेगड, पायांना चाकं, त्यातलं एक निखळलेलं. चौदा वर्षांच्या मुलाला लाकडी बैल! "मी का लहान आहो?" असं मी तेव्हा म्हणालो होतो. तुम्ही तो उचलून कोनाड्यात ठेवलात आणि वावरात निघून गेलात.

एक वाक्य बोलायला काय जात होतं, भाऊ? खरं सांगतो, थोडा राग अजून आहे. पण तो आता चापटीचा नाही, बैल ठेवून जाताना मागे वळून न पाहिल्याचा आहे. तुम्ही वळला असतात, तर कदाचित मी बैल घेतला असता. कदाचित नसताही.

दृश्य पुन्हा लिहिलं. आत्यानं एकच सुधारणा सांगितली, "मले त्यात हसतानाच दाखवजो." आधी मी तुमच्या तोंडी माफीचं लांबलचक भाषण घातलं होतं. ते खोडलं. तुम्ही तसं बोलणारे नव्हतात. समासात तुमच्या नावापुढे, 'काय मिळवायला आला' तिथे लिहिलंय, 'बहिणीनं रडू नये.' 'काय घेऊन गेला', तिथे अजून हात चालत नाही.

पटकथेतला मुलगा बैल नाकारेल, कारण तसंच घडलं. पण पुढच्या आठवड्यात तान्हा पोळा आहे. आत्याकडचा बैल मागून आणला, सुताराकडून त्याचं चाक बसवून घेतलंय. मी गावी जाईन, आणि लहान पोरांच्या रांगेत उभा राहून तुमचा बैल पारापर्यंत ओढत नेईन, हा माझा शब्द. लोक हसतील. हसू द्या. आत्याही येणार आहे. तिचा पदर तोंडाशी गेला, तरी ती काय करतेय हे मला माहीत असेल.

तुमचा,
बाळू