स्कॅनच्या दाराबाहेर

तीर्थस्वरूप दादांना,

कंबर धरल्यामुळे उभ्यानेच, पण मनापासून साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला गेला का? इकडे आम्ही ठीक. ('ठीक' हा शब्द तुमच्या बहिणीने सांगितला. पत्र तिथेच संपवावं, असंही तिचं मत होतं.) परवा तुम्ही फोनवर स्कॅनचं विचारलंत आणि मी "नीट ऐकू येत नाही, सविस्तर लिहितो" म्हणून फोन ठेवला. ऐकू स्वच्छ येत होतं. बोलवत नव्हतं, एवढंच.

तर झालं असं. तिचं ऑपरेशन झालं, डोक्याला सहा आठवडे किरण दिले, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत, जिथून गाठ काढली तिथला पांढरा डाग आधीपेक्षा मोठा दिसला. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, गाठ पुन्हा वाढली तरी असं दिसतं आणि किरणांनी जागा भाजून सुजली तरी हुबेहूब असंच दिसतं. नेहमीच्या एमआरआयला त्यातला फरक कळत नाही. म्हणून आता वेगळ्या तऱ्हेचा स्कॅन करायचा. शिरेतून औषध सोडायचं आणि त्या डागात रक्त किती खेळतंय ते बघायचं. वाढणारी गाठ रक्त ओढते, भाजलेली जागा फारसं ओढत नाही. मी विचारलं, असा स्कॅन होता तर आधीच का नाही केलात? त्यावर तुमच्या बहिणीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. (चप्पल नवी होती.)

तुमची बहीण मशीनला फार घाबरते. बोलून दाखवत नाही, पण मला कळतं. म्हणून मी तिला शब्द दिला होता की आत येऊन तिचे पाय धरून बसेन. डोकं मशीनमध्ये असलं तरी पाय बाहेरच असतात. नर्सचीही हरकत नव्हती. मी किल्ल्या, कानस, पट्टा, सगळं काढून ठेवलं. मग तंत्रज्ञाने एक फॉर्म पुढे केला. त्यात प्रश्न होता, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? आता तीस वर्षं कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा काय प्रश्न झाला? मी ऐटीत सांगितलं, तीनदा. दोन काढले, एक आपोआप गेला असावा. 'असावा' ऐकताच तो म्हणाला, "काका, डोळ्यांचा एक्स-रे काढल्याशिवाय तुम्हाला आत सोडता येणार नाही. आतला चुंबक जबरदस्त असतो." आणि दार लागलं. दादा, आजवर माझ्यासमोर बंद राहिलेलं ते पहिलं दार. त्याला कुलूपसुद्धा नव्हतं.

बाहेर बसलो. आतून कुणीतरी पिंपावर हातोडा घालावा तसा आवाज. माझ्या मुठीत तिच्या केसांतल्या चार पिना होत्या. तेवढ्यात रुग्णालयाचा झगा घातलेले एक जाडे गृहस्थ आले. त्यांचं कपाटाचं दार अडकलं होतं आणि कपडे आत. मी पिनेने उघडून दिलं. मग एका आजींचं उघडलं. मग सुरक्षारक्षक धावत आला. मला वाटलं, आता वरात निघते. पण त्याला स्वतःचं ड्रॉवर उघडून हवं होतं, जिन्याच्या पलीकडे. गेलो. (हात रिकामे नकोत, असं त्या वेळी फार वाटत होतं.)

आणि नेमकी तेव्हाच ती बाहेर आली. खुर्ची रिकामी. हल्ली तिला ऐनवेळी शब्द सापडत नाहीत. तिने नर्सला विचारलं, "माझी किल्ली कुठे गेली?" बिचारी नर्स कपाटाची किल्ली शोधू लागली, टेबलाखाली वाकून बघितलं, चादरी झटकल्या. ही म्हणत राहिली, "ती नाही हो. माझी. उंच आहे, टक्कल आहे." मी परतलो तर दोघी हसत होत्या. मी मात्र तिच्या केसांत पिना लावताना एकही सरळ लावू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल. डॉक्टरबाईंनी पडद्यावर रंगीत चित्र दाखवलं. डागाची जागा निळी होती, म्हणजे तिथे रक्त कमी. "बहुतेक हा उपचारांचाच परिणाम आहे, गाठ नाही," त्या म्हणाल्या. मी 'बहुतेक' म्हणजे किती, ते विचारायला तोंड उघडलं आणि पाय आधीच मागे घेतला. पण या वेळी तिने माझा हात धरला. आठ आठवड्यांनी पुन्हा बघायचं आहे. तोवर 'बहुतेक'वर दिवस काढायचे. पण बरे चाललेत. काल तिने मला दोनदा झापलं आणि एकही शब्द अडला नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. खरं काम राहिलंच. पुढच्या स्कॅनला तुम्ही याल का? मला आत सोडत नाहीत आणि ती घाबरते. तुम्ही पाय धरून बसलात तर तिला धीर येईल. मी सांगितलं असं म्हणू नका. सहज आलो म्हणा.

ता. क. २. दादा, हे मी लिहितेय. पाकीट यांनी उघडंच ठेवलं होतं. पत्रातलं सगळं खरं आहे, फक्त घाबरतं कोण ते उलटं लिहिलंय. मी आत डोळे मिटून पडते, मला काही होत नाही. बाहेर आले तेव्हा यांच्या कपाळावर ते आलं होतं, उन्हात येतं ना पाणी, ते. शर्ट भिजला होता. तू जरूर ये. पण आत नको. बाहेर यांच्याजवळ बस.