बुधाजीचा विमा

२१ नोव्हेंबर १९५५, सोमवार
अंबरनाथला एक लाकडाची वखार जळाली. मालकाने विमा उतरवला नव्हता. मी असा गाफील राहणार नाही. कुळगावातली माझी भाताची गिरणी, इंजिन, कोठार, सगळं सुरक्षित करणार. संकल्प: आठवड्याच्या आत निर्णय. तोही शास्त्रशुद्ध.

२४ नोव्हेंबर
उल्हासनगर कॅम्पातला टेकचंद एजंट आला. आगीचा, मशीनचा आणि माणसाचा, असे तीन विमे म्हणाला. "साईं, पट्टे पे जो आदमी है, उसका पहले करो." विचार करून सांगतो म्हटलं. इंजिनाच्या पट्ट्यावर बुधाजी असतो. बारवीकडच्या वाडीतून रोज चालत येतो. नऊ वर्षांत त्याला साधं खरचटलं नाही. अशा माणसाचा विमा काढणं म्हणजे त्याच्या कसबावर अविश्वास दाखवणं. ते मला पटत नाही.

२७ नोव्हेंबर
निर्णय झाला. आग आणि मशीन. शिवाय दारावर नवी काचेची पाटी लावली आहे, 'दौलत राइस मिल', तिचाही. टेकचंद म्हणाला, काच का बीमा, और आदमी का नहीं? या लोकांना पाटीचं महत्त्व कळत नाही. बुधाजीचा पुढच्या वर्षी. नक्की.

३० नोव्हेंबर
पॉलिसी आली. भात घेऊन आलेल्या चार शेतकऱ्यांपुढे ठसक्यात वाचून दाखवली. बुधाजीने मध्येच विचारलं, "मालक, यात आमी पन हाव का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, "अरे, तू तर पहिला!" निघून गेलं तोंडातून. याला खोटं म्हणता येणार नाही. आगाऊ बोललेलं खरं आहे.

४ डिसेंबर
बुधाजीची बायको काशी टोपलीभर करांदे, रानातले कंद, घेऊन आली. पाया पडली. म्हणाली, सख्ख्या भावानंपन आमच्यासाठी इतका केला नसता. माझ्या बायकोने, अंजनीने, ते उकडले आणि मला विचारलं, तुम्ही असं केलंत तरी काय? म्हटलं, धंद्यातल्या गोष्टी आहेत. दोन करांद्यांच्या पुढे गिळवेना. पित्त असावं.

११ डिसेंबर
काशी पुन्हा. आज कोंबडा. कागद नुसता बघायचा होता म्हणे तिला. दाखवला. सगळा इंग्रजीत, त्यामुळे धोका नव्हता. तिने अंजनीकडून कुंकू मागून घेतलं आणि कागदाला लावलं. बोट नेमकं पाटीच्या कलमावर टेकलं. उद्या पहिल्या गाडीने कॅम्पात टेकचंदकडे.

१२ डिसेंबर
गेलो नाही. भाताची गर्दी.

१४ डिसेंबर
गर्दी नव्हती. पण लगेच गेलो तर टेकचंदला वाटेल, त्याचंच बरोबर होतं. सोमवारी जाईन.

१९ डिसेंबर, सोमवार, सकाळी ११
पट्टा घसरला. बुधाजीने इंजिन बंद न करताच तो चढवला. एरवी असं कधी करत नाही. मी ओरडलो, तर हसून म्हणतो, "मालक, भिऊ नका, कंपनी हाय ना!" मीही हसलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
दुपारी पट्टा पुन्हा घसरला. बुधाजीच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. कल्याणला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. वाटेत शुद्धीवर होता. मलाच म्हणत होता, घाबरू नका.

२१ डिसेंबर
दवाखान्यात बुधाजीने विचारलं, कंपनीचा साहेब कवा येल? काशी समोर उभी होती. म्हटलं, कागदपत्रांना वेळ लागतो.

२३ डिसेंबर
अखेर टेकचंदकडे गेलो. तो म्हणाला, भरपाई कायद्याने मालकालाच द्यावी लागते, विमा असता तर कंपनीने दिली असती. मग एक सुचलं. पैसे मी द्यायचे आणि कंपनीने पाठवले म्हणून सांगायचं. बुधाजीला त्याचं मिळेल, आणि मी बोललो तेही खरं होईल. बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

२ जानेवारी १९५६
लांबट पाकीट आणलं. वर कंपनीचं नाव टाईप करून घेतलं. वाडीवर जाऊन बुधाजीच्या हाती दिलं, म्हटलं, कंपनीकडून. त्याने ते मांडीवर ठेवलं. "टेकचंदशेठ दवाखान्यात आलेला, मालक. इमा पाटीचा हाय, माझा नाय, त्यानं सांगला." मला वाटलं, आता शिव्या देईल. वाट बघत बसलो. तो एवढंच म्हणाला, "तुमचं म्हनून घेतो. कंपनीचं म्हनून नाय घेनार." काशी आतून बाहेर आली नाही.

९ जानेवारी
बुधाजीला अंबरनाथच्या एका कारखान्यात दारावर काम मिळालं. सांगायला आला होता. तिथे विमा आहे का, मी सहज विचारलं. म्हणाला, हाय, पयल्याच दिवशी वाचून दाखवला, मराठीत.

१६ जानेवारी
वाडीवरचं कोणी कामाला यायला तयार नाही. पट्ट्यावर मीच. टेकचंदला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हटलं, माणसांचा विमा, आजच्या आज. त्याने फॉर्म काढला, पेन उघडलं आणि विचारलं, "आदमी कितने?"
मी इंजिन बंद केलं. म्हटलं, सध्या कोणी नाही.
त्याने पेनला टोपण लावलं.